‘हमखास’ कमाईची इंग्रजी विशेषणे

वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांवर काही इंग्रजी शब्द आता इतके रुळले आहेत, की त्यांचे भाषांतर करण्याची गरजही कोणास वाटत नाही. अमुक उत्पादन कंपनीची ‘कॅश काऊ’ आहे, तमुक समभाग ‘ब्लू चिप’ आहे, एखादा चित्रपट ‘मनी स्पिनर’ ठरला, अशी वाक्ये आपण नित्य वाचतो. या साऱ्यांचा अर्थ ‘हमखास पैसा मिळवून देणारे’ असा ढोबळमानाने घेतला जातो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. प्रत्येक शब्दातील पैशाची वाट वेगळी आहे आणि त्या वाटेवरील धोकाही वेगळा आहे. आपली पुंजी गुंतवणाऱ्याने हा फरक जाणून घेणे हिताचे ठरते.

प्रथम ‘कॅश काऊ’. दुभत्या गाईची उपमा इंग्रजीत जुनीच. परंतु व्यवस्थापनशास्त्रात या शब्दाला नेमका अर्थ मिळाला तो १९७० साली. बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप या सल्लागार संस्थेचे संस्थापक ब्रूस हेंडरसन यांनी कंपनीच्या व्यवसायांचे तारा, प्रश्नचिन्ह, गाय आणि कुत्रा असे चार गट पाडले. ज्या बाजारपेठेची वाढ मंदावली आहे, पण जिच्यातील मोठा हिस्सा कंपनीच्या हाती आहे, असा व्यवसाय म्हणजे गाय. तिच्यावर नवा खर्च थोडा, मिळकत मात्र भरपूर. या दुधावर उद्याचे व्यवसाय पोसावेत, असे या मांडणीचे सांगणे होते. म्हणजे गाय आटणार, हे त्यात गृहीतच धरलेले आहे. कोडॅक कंपनीतील अभियंता स्टीव्ह सॅसन यांनी १९७५ मध्येच डिजिटल कॅमेरा तयार केला होता. परंतु फिल्मच्या मिळकतीला धक्का लागेल या धास्तीने कंपनी नव्या तंत्राकडे पूर्णपणे वळण्यास कचरली आणि जानेवारी २०१२ मध्ये तिला दिवाळखोरी कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. दुभत्या गाईच्या लाथा गोड लागतात, असे आपण म्हणतो. तिच्या दुधाची सवय त्याहून घातक ठरू शकते.

‘ब्लू चिप’ या शब्दाचा जन्म तर चक्क जुगाराच्या टेबलावर झाला. पोकरच्या खेळात पैशांऐवजी रंगीत चकत्या वापरतात आणि त्यांत निळी चकती परंपरेने सर्वांत मोलाची. डाऊ जोन्स या वृत्तसंस्थेतील ऑलिव्हर गिंगोल्ड यांनी १९२०च्या दशकात चढ्या भावाच्या समभागांसाठी हा शब्द प्रथम योजला, असे सांगितले जाते. म्हणजे आरंभी तो केवळ किमतीविषयी होता; भरवशाचा अर्थ त्याला पुढे चिकटला. तो भरवसाही कायमचा नसतो. १९०७ पासून अखंडपणे डाऊ जोन्स निर्देशांकात असलेली जनरल इलेक्ट्रिक ही कंपनी जून २०१८ मध्ये त्यातून वगळली गेली. आपल्याकडे ‘सेबी’ने २०१७ साली ‘लार्ज कॅप’ची व्याख्या ठरविली : बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० कंपन्या. ‘ब्लू चिप’ हे मात्र केवळ विशेषण आहे, हे योजनांची नावे वाचताना ध्यानात ठेवावे.

‘गिल्ट एज्ड’ म्हणजे सोनेरी कडेचे. ब्रिटिश सरकारच्या कर्जरोख्यांना आजही ‘गिल्ट’ म्हणतात आणि आपल्याकडील ‘गिल्ट फंड’ हे नाव तेथूनच आले. सरकार व्याज आणि मुद्दल बुडविणार नाही, हा येथील विश्वास. पण मुदतीपूर्वी रोखा विकायचा झाल्यास भाव काय मिळेल, याची हमी त्या सोनेरी कडेत नसते. सप्टेंबर २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये या रोख्यांचे भाव इतके कोसळले, की बँक ऑफ इंग्लंडला स्वतः खरेदीस उतरावे लागले.

‘मनी स्पिनर’ हे मुळात एका चिमुकल्या कोळ्याचे नाव. तो अंगावर चढला की पैसा मिळतो, अशी इंग्लंडमध्ये लोकसमजूत होती. त्यामुळे या शब्दात नशिबाचा अंश आहे. भरघोस गल्ला जमविणारा चित्रपट ‘मनी स्पिनर’ खरा, पण पुढचा चित्रपटही तसाच चालेल असे त्यातून ठरत नाही. याउलट ‘ब्रेड अँड बटर’ म्हणजे आपली मीठभाकर : कमाई माफक, पण रोजची. भपका नसलेला हा शब्दच कदाचित या यादीतील सर्वांत प्रामाणिक म्हणावा लागेल.

महाराष्ट्रातील मध्यमवर्गाला हा धडा नवा नाही. १९६४ साली सुरू झालेली युनिट ट्रस्टची ‘यूएस-६४’ योजना असंख्य घरांत बँकेतील ठेवीइतकीच सुरक्षित मानली जात असे. जुलै २००१ मध्ये तिची विक्री आणि पुनर्खरेदी सहा महिन्यांसाठी थांबविण्यात आली, तेव्हा कुठे अनेकांना कळले की आपण ठेव ठेवली नव्हती, बाजारात पैसे घातले होते. योजनेचे स्वरूप तिच्या कागदपत्रांत होते. ‘हमखास’ हा शब्द लोकांच्या मनात होता.

म्हणूनच यापुढे असे एखादे विशेषण समोर आले, तर त्याला तीन प्रश्न विचारावेत. पैसा नेमका कोठून येतो? तो येत राहण्यासाठी काय टिकून राहावे लागते? आणि ते टिकले नाही, तर तोटा कोणाचा? या प्रश्नांची उत्तरे शब्दात नसतात, हिशेबात असतात.