शब्दाचा नाद आणि अर्थाची माघार : ‘ब्रॉडकास्ट’ची वाटचाल

गीतातील शब्द भाषेचा की संगीताचा, हा प्रश्न भाषाभ्यासकाला नवा नाही. सामगायनातील स्तोभाक्षरे किंवा मैफलीतील तराणा यांचा विचार करताना आपण असे म्हणतो की, तेथे अक्षरे अर्थाचा भार उतरवून केवळ नादासाठी उरतात. परंतु ज्या गीतातील प्रत्येक शब्द कोशात सापडतो आणि तरीही ज्याचा वाक्यार्थ हाती लागत नाही, अशा गीताची उपपत्ती कशी लावावयाची? इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे १९९५ साली स्थापन झालेल्या ‘ब्रॉडकास्ट’ या बँडची कारकीर्द या प्रश्नाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. प्रस्तुत लेखात तिचा परिचय त्याच अंगाने करून द्यावयाचा आहे.

गायिका ट्रिश कीनन आणि बासवादक जेम्स कारगिल हे या बँडचे केंद्र होय. रोज स्टीव्हन्स, टिम फेल्टन व स्टीव्ह पर्किन्स हे प्रारंभीचे त्यांचे सहकारी. १९९६ मधील त्यांच्या पहिल्या तबकड्या लहान, स्वतंत्र प्रकाशनसंस्थांनी काढल्या. त्यांपैकी ‘ड्युओफोनिक’ ही संस्था ‘स्टिरिओलॅब’ या बँडची होती. मोठ्या कंपन्यांच्या बाहेर राहून निर्मिती करणाऱ्या अशा बँडना ‘इंडी’ ही संज्ञा लावतात. १९९७ साली, या आरंभीच्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह ‘वॉर्प’ने प्रसिद्ध केला. शेफील्ड येथे १९८९ साली निघालेली ही संस्था इलेक्ट्रॉनिक संगीतासाठी ख्यात होती, आणि ‘ब्रॉडकास्ट’चे नाते पुढे तिच्याशीच राहिले.

या बँडची पूर्वपीठिका दुहेरी आहे. बी.बी.सी.ने १९५८ साली स्थापन केलेली रेडिओफोनिक कार्यशाळा ही तिची एक बाजू. तेथे ध्वनिफिती कापून, उलट्या फिरवून, त्यांचा वेग बदलून आकाशवाणी व दूरचित्रवाणीसाठी ध्वनी घडविले जात. ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे शीर्षकसंगीत १९६३ साली या पद्धतीने सिद्ध करणाऱ्या डेलिया डर्बीशायर बर्मिंगहॅमपासून जवळच असलेल्या कॉव्हेंट्रीच्या होत. दुसरी बाजू अमेरिकेची : ‘द युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका’ असेच नाव घेतलेल्या बँडची १९६८ मधील एकमेव ध्वनिमुद्रिका. तीत विद्युत्-ध्वनींच्या गदारोळातून एक शांत स्त्रीस्वर वाट काढतो. कीननच्या गायनाचे बीज या योजनेत आहे, असे म्हणावयास हरकत नाही. तिच्या स्वरात कंप जवळजवळ नाही. भावनेचे प्रदर्शनही नाही. त्यामुळे व्यंजने स्वच्छ ऐकू येतात आणि शब्द एखाद्या वस्तूसारखा श्रोत्यासमोर ठेवला जातो.

पहिली पूर्ण ध्वनिमुद्रिका ‘द नॉइज मेड बाय पीपल’ २००० साली आली. या टप्प्यावर शब्दरचना अजून परिचित गीताच्या चौकटीत आहे. तीत ‘मी’ आणि ‘तू’ आहेत आणि त्यांच्यातील अंतरही आहे. २००३ च्या ‘हाहा साउंड’मध्ये बालगीताचा साचा पुढे येतो. त्यातील ‘व्हॅलेरी’ हे गीत १९७० च्या एका चेक चित्रपटाच्या संगीतावरून स्फुरलेले आहे. बालगीताचा येथे झालेला प्रवेश आकस्मिक मानता येणार नाही. यमक आणि आवर्तन यांच्या बळावर अर्थाची चिंता न करता चालणारा तो आपल्या सर्वांच्या परिचयाचा पद्यप्रकार होय.

खरे वळण २००५ साली ‘टेंडर बटन्स’ या ध्वनिमुद्रिकेत आले. तोपर्यंत बँडमध्ये कीनन व कारगिल हे दोघेच उरले होते. वादकाच्या जागी तालयंत्र आले आणि ध्वनीची दाट वीण विरळ झाली. शीर्षक गर्ट्रूड स्टाइन या लेखिकेच्या १९१४ मधील ग्रंथावरून घेतले होते. त्या ग्रंथात साध्या घरगुती वस्तूंची ‘वर्णने’ आहेत, पण ती वस्तूला चिकटत नाहीत. कीनननेही स्वयंस्फूर्त लेखनाचा आश्रय घेतला, म्हणजे मनाची चाळणी न लावता शब्द जसे येतील तसे लिहावयाचे. परिणाम असा की, पदापदांतील अन्वय सैल होतो, परंतु पदाचा अर्थ मात्र जिवंत राहतो. तराण्याशी असलेला भेद येथे स्पष्ट होतो. तराण्यात अक्षराला कोशार्थ असावा, अशी अपेक्षाच नसते. येथे अर्थ दाराशी येतो आणि माघार घेतो. त्या माघारीचा जो चटका बसतो, तोच या गीतांचा परिणाम होय.

२००९ साली ज्युलियन हाउस यांच्या ‘द फोकस ग्रुप’बरोबर केलेल्या ध्वनिमुद्रिकेत हा प्रवास टोकाला गेला. हाउस हे बँडच्या वेष्टनांचे चित्रकार. तेथे गीत पूर्ण होण्यापूर्वीच तुटते, दुसरा तुकडा सुरू होतो, आणि मानवी स्वर हा अनेक ध्वनींपैकी एक ठरतो.

१४ जानेवारी २०११ रोजी, ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यानंतर, वयाच्या ४२ व्या वर्षी न्यूमोनियाने कीननचे निधन झाले. ‘बर्बेरियन साउंड स्टुडिओ’ या पीटर स्ट्रिकलंड यांच्या २०१२ मधील चित्रपटाचे संगीत दोघांनी हाती घेतले होते. ते कारगिल यांनी पुरे केले आणि २०१३ साली ते ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने निघाले. या चित्रपटाचा नायक एका इटालियन भयपटासाठी भाज्या चिरून व आपटून ध्वनी निर्माण करतो. प्रेक्षकाला तो भयपट दिसत नाही. ऐकू मात्र येतो.

२०२४ साली कीननच्या घरगुती ध्वनिमुद्रणांचे दोन संग्रह प्रसिद्ध झाले : ‘स्पेल ब्लँकेट’ आणि ‘डिस्टंट कॉल’. पहिल्यात, पुढील ध्वनिमुद्रिकेच्या तयारीची ३६ गीते व टिपणे आहेत. काही तर मिनिटभराचीही नाहीत. दुसऱ्यात जुन्या गीतांचे कच्चे खर्डे आहेत. संहिताभ्यासकाला परिचित असलेला पेच येथे उभा राहतो : लेखकाने स्वतः प्रसिद्ध न केलेला खर्डा वाचण्याचा आपला अधिकार कोणता? या प्रश्नाचे सोयीस्कर उत्तर नाही. मात्र या खर्ड्यांनी आपली एक समजूत दुरुस्त केली, हे मान्य केले पाहिजे. ‘ब्रॉडकास्ट’चे संगीत यंत्रांतून उपजले आणि स्वर त्यावर नंतर चढविला गेला, असे पक्क्या ध्वनिमुद्रिका ऐकून वाटत असे. खर्ड्यांत यंत्रांचे आवरण नाममात्र आहे. तरी चाल, शब्द आणि तो अकंप स्वर यांतच गीत आपले रूप घेऊन उभे असते.

तेव्हा या कारकीर्दीचे वर्णन पाचांवरून दोघांवर आणि दोघांवरून एकावर आलेल्या बँडचा ऱ्हास असे करणे अपुरे आहे. प्रत्येक वजाबाकीबरोबर शब्द अधिक उघडा पडत गेला. अर्थाने माघार घेतली तरी उच्चारणारी व्यक्ती त्या शब्दात उरतेच. ती व्यक्ती गेल्यावर तिच्या खर्ड्यांतील अर्धवट पदे ऐकताना आपण वाक्यार्थ शोधीत नाही; तो स्वर आपण ओळखतो, आणि तेवढ्याने ते पद आपल्यापुरते पूर्ण होते.