शाळेतला पोलीस: पगार कोण देतो, मागणी कोण करतो

अमेरिकेतल्या एखाद्या गावाला शाळेसाठी पोलीस नेमायचा असेल, तर केंद्रीय न्याय खात्याच्या ‘कॉप्स’ कार्यालयाकडून एका पदामागे जास्तीत जास्त सव्वा लाख डॉलर मिळतात. तेही वर्षाला नव्हे, तीन वर्षांचे मिळून. पगार-भत्त्यांचा किमान पाव हिस्सा गावाने स्वतः भरायचा आणि अनुदान संपल्यावर ते पद आणखी निदान वर्षभर स्वतःच्या तिजोरीतून चालवायचे, अशी अट असते.

तिकडच्या शाळेत गोळीबार झाल्याची बातमी आली की आपल्याकडची चर्चा बंदुकीपासून सुरू होते आणि बंदुकीपाशीच संपते. हा हिशेब कुणी विचारत नाही. शाळेच्या दारात पोलीस असेल की नसेल, हे बऱ्याच ठिकाणी पगाराचा चेक कोण फाडतो आणि करारात काय लिहिले आहे, यावर ठरते. पोलीस युनियन कुठे गप्प बसेल आणि कुठे आकाशपाताळ एक करेल, याचाही उलगडा तिथेच होतो.

“तो शाळेचा माणूस असतो”

बहुतेकदा नसतो. त्याला ‘स्कूल रिसोर्स ऑफिसर’, थोडक्यात एसआरओ म्हणतात. अंगावर गणवेश, कमरेला पिस्तूल आणि अटकेचा पूर्ण अधिकार. त्याची नोकरी शहराच्या पोलीस खात्यात किंवा काउंटीच्या शेरीफकडे असते. शाळेत तो करारावर पाठवलेला असतो. मुख्याध्यापक त्याला विनंती करू शकतात, पण त्याचा साहेब ठाण्यात बसतो. खर्चाचा कोणता वाटा शहराने उचलायचा आणि कोणता स्कूल डिस्ट्रिक्टने, म्हणजे त्या भागातल्या शाळा चालवणाऱ्या यंत्रणेने, हे करारात ठरते. २०१९-२० साली शिकागोच्या शाळांनी शहर पोलिसांशी केलेला करार ३ कोटी ३० लाख डॉलरचा होता. मिनिआपोलिसचा करार १४ पोलिसांसाठी साधारण ११ लाख डॉलरचा.

काही मोठ्या डिस्ट्रिक्टांनी मात्र स्वतःचेच पोलीस खाते उभारले आहे. लॉस एंजेलिस आणि ह्यूस्टन ही ठळक उदाहरणे. न्यूयॉर्कचा प्रकार आणखी निराळा. तिथले ‘स्कूल सेफ्टी एजंट’ १९९८ पासून शहर पोलिसांच्या हाताखाली आहेत, पण त्यांच्याकडे बंदूक नसते. त्यांची युनियनही पोलिसांची नाही. ते ‘टीमस्टर्स’ या, मुळात ट्रकचालकांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संघटनेच्या २३७ क्रमांकाच्या शाखेत आहेत.

शाळेत पोलीस ठेवण्याची पद्धत मिशिगनमधल्या फ्लिंट शहरात १९५०च्या दशकात सुरू झाली, तेव्हा हेतू पोलीस आणि मुले यांची ओळख वाढावी हा होता. देशभर ती पसरली ती १९९४च्या गुन्हेगारी-विरोधी कायद्याने ‘कॉप्स’ कार्यालय निर्माण केल्यावर. १९९९ ते २००५ या काळात शाळांमधल्या साडेसहा हजारांहून अधिक पदांसाठी सुमारे ७५ कोटी डॉलर वाटले गेले. मग योजना आटली आणि ओझे स्थानिक तिजोरीवर आले. अनुदानाचे पद एकदा रुजले की ते काढून टाकणे किती अवघड असते, हे आपल्याकडच्या नगरपालिकांना वेगळे सांगायला नको.

“पोलीस असता तर हे घडलेच नसते”

कोलोरॅडोतल्या कोलंबाइन हायस्कूलमध्ये पोलीस होता. २० एप्रिल १९९९च्या गोळीबारात शाळेवर नेमलेल्या सशस्त्र डेप्युटीने, म्हणजे शेरीफच्या माणसाने, बाहेरून हल्लेखोरावर गोळ्या झाडल्या, त्या लागल्या नाहीत. त्या काळच्या शिरस्त्याप्रमाणे पोलिसांनी आत न घुसता स्वॅट पथकाची वाट पाहिली. फ्लोरिडातल्या पार्कलँडमध्येही होता. १४ फेब्रुवारी २०१८ रोजी १७ जण मारले गेले आणि नेमलेला डेप्युटी इमारतीबाहेर थांबून राहिला. त्याच्यावर खटला चालला. २०२३ मध्ये तो सर्व आरोपांतून सुटला. टेक्सासमधल्या युवाल्डीत तर स्कूल डिस्ट्रिक्टचे स्वतःचे पोलीस खाते होते आणि त्याचा प्रमुख घटनास्थळी हजर होता. २४ मे २०२२ रोजी वेगवेगळ्या यंत्रणांचे मिळून ३७६ अधिकारी तिथे जमले आणि वर्गात शिरायला ७७ मिनिटे लागली. १९ मुले आणि दोन शिक्षिका गेल्या.

२०२१ साली ‘जामा नेटवर्क ओपन’मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात १९८० ते २०१९ मधल्या, शाळांवरच्या हल्ल्यांच्या आणि हल्ल्यांच्या प्रयत्नांच्या १३३ घटना तपासल्या होत्या. सशस्त्र पहारा असलेल्या ठिकाणी मृत्यूंचे प्रमाण कमी आढळले नाही, उलट २.८३ पट जास्त निघाले. हा आकडा प्रचारात बेधडक फेकला जातो. पहाऱ्यामुळे माणसे मेली, असा त्याचा अर्थ नाही. हल्लेखोर कोणती हत्यारे घेऊन येतो आणि मरायच्याच तयारीने येतो का, हे प्रश्न त्यात गुंतलेले आहेत. मरायला निघालेल्याला गणवेशाचा धाक वाटत नाही, एवढे मात्र त्यावरून मानायला जागा आहे.

उलट्या बाजूचा गैरसमजही तितकाच पोकळ आहे. मे २०१८ मध्ये इलिनॉयमधल्या डिक्सन गावी शाळेतल्या पोलिसाने बंदूकधारी तरुणाला गाठले आणि एकही जीव गेला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये जॉर्जियातल्या अपालाची हायस्कूलमध्ये चौघांचा बळी गेला, पण शाळेतले पोलीस समोर येताच १४ वर्षांच्या हल्लेखोराने शरणागती पत्करली.

खरा फरक दिसतो तो गोळीबार न होणाऱ्या दिवसांत, आणि बहुतेक शाळांत सगळे दिवस तसेच असतात. संशोधन असे सांगते की पोलीस असलेल्या शाळांत मारामाऱ्या काही प्रमाणात कमी होतात. बंदुकीच्या घटना कमी होत नाहीत. आणि निलंबन, हकालपट्टी, अटक हे प्रकार वाढतात. त्याची झळ काळ्या आणि अपंग मुलांना जास्त लागते. २०१५-१६च्या सरकारी आकडेवारीत काळी मुले एकूण पटाच्या १५ टक्के होती, पण शाळेतून पोलिसांकडे सोपवलेल्या किंवा अटक झालेल्या मुलांत ३१ टक्के. टेक्सासमधल्या एका अभ्यासात केंद्राच्या अनुदानाने पोलीस आल्यावर माध्यमिक मुलांवरच्या शिस्तभंगाच्या कारवाया सुमारे ६ टक्क्यांनी वाढल्या आणि हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास घटले. २०१९ मध्ये ऑरलँडोत लाथ मारल्याबद्दल सहा वर्षांच्या मुलीला शाळेतल्या पोलिसाने बेड्या घातल्या. त्या पोलिसाला काढून टाकले, पण इतक्या लहान मुलांच्या अटकेला आळा घालणारा कायदा फ्लोरिडात व्हायला २०२१ उजाडले.

“युनियन एकच, आणि ती डोळे मिटून पोलिसाच्या पाठीशी”

आपल्याला पोलिसांची युनियन हीच कल्पना परकी वाटते, आणि त्याला कारण आहे. १९६६च्या केंद्रीय कायद्याने आपल्या पोलिसांच्या संघटना करण्यावर बंधने घातली. महाराष्ट्रात पोलीस कर्मचाऱ्यांची संघटना होती, पण ऑगस्ट १९८२ मध्ये सरकारने तिची मान्यता काढली, पुढाऱ्यांना पकडले आणि मुंबई पेटली. शेवटी लष्कर बोलवावे लागले. त्यामुळे अमेरिकेत पोलीस युनियन उमेदवारांना पाठिंबा जाहीर करते, विधेयके पाडते, विधेयके आणते, हे वाचून आपण चक्रावतो.

सर्वांत मोठी संघटना ‘फ्रॅटर्नल ऑर्डर ऑफ पोलीस’, पिट्सबर्गमध्ये १९१५ साली स्थापन झालेली. सभासद साडेतीन लाखांच्या वर. पण पगार आणि शिस्तीच्या वाटाघाटी करतात त्या गावोगावच्या शाखा आणि संघटना. नॉर्थ कॅरोलायनासारख्या राज्यात सरकारी नोकरांना सामूहिक करार करताच येत नाही. आणि बातम्यांत हमखास जिचे नाव येते ती ‘नॅस्रो’, म्हणजे एसआरओंची राष्ट्रीय संघटना, युनियन नव्हेच. ती प्रशिक्षण देणारी व्यावसायिक संस्था आहे.

पाठीशी घालण्याचे म्हणाल, तर पार्कलँडनंतर काय झाले ते पाहावे. एप्रिल २०१८ मध्ये तिथल्या ब्रॉवर्ड काउंटीच्या डेप्युटींच्या संघटनेने आपल्याच शेरीफवर ५३४ विरुद्ध ९४ मतांनी अविश्वास दाखवला. दोन वर्षांनी चित्र उलटे. गोळीबार चालू असताना गाडीआड थांबलेल्या एका सार्जंटला बडतर्फ केले होते. लवादाने मे २०२० मध्ये त्याला थकलेल्या पगारासह परत घ्यायला लावले. त्या दिवशीच्या वागण्याबद्दल त्याला क्लीन चिट मिळाली म्हणून नव्हे. कारवाईची १८० दिवसांची मुदत दोन दिवसांनी हुकली होती म्हणून. शौर्याच्या भाषणांपेक्षा अशा कलमांत युनियनची ताकद जास्त असते.

आता पगाराचा मुद्दा. पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर आठ दिवसांत, २ जून २०२० रोजी, मिनिआपोलिसच्या शाळा मंडळाने पोलिसांशी असलेला करार एकमताने तोडला. त्या १४ जणांच्या पोटावर पाय आला नाही. ते शहर पोलिसांचे नोकर होते, खात्यातल्या दुसऱ्या कामांवर गेले. लॉस एंजेलिसमध्ये खाते डिस्ट्रिक्टचेच होते. जून २०२० मध्ये मंडळाने त्याच्या ७ कोटी डॉलरच्या बजेटमधून अडीच कोटी कापले आणि पुढच्या फेब्रुवारीत १३३ पदे रद्द केली. तिथे खरोखर नोकऱ्या जाणार होत्या, आणि शाळा-पोलिसांची संघटना हिरिरीने लढली. समोर उभी होती ती दुसरी युनियन: शहरातल्या शिक्षकांची, पोलीस हटवा म्हणणारी.

युनियनचे वजन सर्वांत उघडपणे दिसले ते मिनेसोटात, आणि तेही पैशावरून नव्हे. २०२३च्या शिक्षण विधेयकात एक दुरुस्ती होती: मुलाला पालथे दाबून धरायचे नाही, श्वास अडेल, मान, छाती किंवा पाठीवर भार येईल अशी पकड वापरायची नाही. अपंग मुलांसाठी पालथे दाबण्यावर बंदी आधीपासून होती; आता ती सर्व मुलांना लागू झाली आणि शाळेचे कर्मचारीच नव्हे, तर करारावरचे पोलीसही तिच्यात आले. फ्लॉइडचा जीव पालथे दाबूनच गेला होता, त्याच राज्यात. विधेयक मंजूर होताना फारसा गाजावाजा झाला नाही. ऑगस्टमध्ये शाळा उघडायच्या तोंडावर पोलीस खात्यांचे वकील जागे झाले आणि एकामागून एक खाती शाळांतून आपली माणसे काढू लागली. मिनिआपोलिसच्या शाळांत पोलीस नव्हतेच. गदारोळ झाला तो उपनगरांत आणि लहान शहरांत.

पोलिसांचे म्हणणे असे, की जीवघेणा धोका नसलेली झटापट थांबवतानाही आम्ही कायद्याच्या कचाट्यात सापडू. राज्याचे ॲटर्नी जनरल कीथ एलिसन यांनी ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये दोनदा लेखी मत देऊन समजूत काढली. काही खाती परतली, काही नाही. राज्यातली मोठी पोलीस संघटना आणि पोलीस प्रमुखांची संघटना यांनी विशेष अधिवेशनाची मागणी लावून धरली. गव्हर्नर टिम वॉल्झ यांनी ते बोलावले नाही, पण मार्च २०२४ मध्ये नव्या विधेयकावर सही केली. त्यात एसआरओंना बंदीतून वगळले. बदल्यात त्यांच्यासाठी प्रशिक्षण आणि राज्यभर एक नमुना धोरण सक्तीचे केले. अपंग मुलांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थांचा विरोध तोकडा पडला. युनियनने इथे नोकऱ्या वाचवल्या नाहीत की जादा पैसा मिळवला नाही. तिने आपल्या सभासदावरची कायदेशीर जोखीम कमी करून घेतली, आणि त्यासाठी ‘शाळेत यायचे नाही’ हेच शस्त्र वापरले. माझ्या मते हाच सर्वांत लक्षात ठेवण्याजोगा प्रसंग आहे. पोलीस हटवा म्हणणारे आणि आम्हीच निघतो म्हणणारे पोलीस, दोघांचीही वाट काही महिने एकाच दिशेने चालली होती.

“पोलीस काढला की समुपदेशक आपोआप येतो”

पैसा असा वाहत नाही. पोलिसाचा पगार शहर देत असेल, तर तो वाचला तरी शाळेच्या खात्यात एक डॉलरही येत नाही. लॉस एंजेलिसमध्ये वाचवलेली रक्कम काळ्या विद्यार्थ्यांच्या योजनेकडे वळवता आली, कारण तिजोरी एकच होती. गरज मात्र खरी आहे. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनच्या २०१९च्या अहवालानुसार पोलीस आहे पण समुपदेशक नाही, अशा शाळांत १७ लाख मुले शिकत होती.

पोलीस संघटना मानसिक आरोग्यावरच्या खर्चाच्या विरोधात असतात, हेही सरसकट खरे नाही. युवाल्डीनंतर जून २०२२ मध्ये आलेल्या केंद्रीय कायद्याला फ्रॅटर्नल ऑर्डरचा पाठिंबा होता, आणि त्यात शाळांमधल्या मानसिक आरोग्य सेवकांसाठी १०० कोटी डॉलर होते. एप्रिल २०२५ मध्ये ते अनुदान थांबवायला निघाले ते केंद्रीय शिक्षण खाते; त्यात युनियनचा हात नव्हता.

हुकूम वरून आणि खर्च खालून, हा प्रकार टेक्सासात पाहावा. २०२३च्या कायद्याने प्रत्येक शाळेत सशस्त्र माणूस सक्तीचा केला आणि दिले शाळेमागे वर्षाला १५,००० डॉलर, वर मुलामागे १० डॉलर. एवढ्यात पूर्णवेळ पोलीस येत नाही, म्हणून कित्येक डिस्ट्रिक्टांनी कायद्यातल्या सवलतीचा आधार घेतला.

“२०२०ची ‘पोलीस हटवा’ लाट ओसरली, पोलीस परतले”

डेनव्हरमध्ये परतले, मार्च २०२३ मध्ये ईस्ट हायस्कूलमधल्या दोन कर्मचाऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्यावर. शिकागोत मात्र फेब्रुवारी २०२४ मध्ये मंडळाने उरलेसुरले पोलीसही एकमताने हटवायचे ठरवले.

न्यू जर्सीत, जिथे मराठी घरे भरपूर आहेत, बऱ्याच शाळांच्या दारात केस पिकलेला पोलीस दिसतो. तो २०१६च्या कायद्याने आलेला ‘क्लास थ्री’ अधिकारी: निवृत्त, ६५च्या आतला, या नोकरीतून आरोग्य विमा किंवा नवे निवृत्तिवेतन न मिळणारा, म्हणून स्वस्त. त्याला नेमून पूर्णवेळ पोलिसांची संख्या घटवता येत नाही, असे कायद्यातच लिहिले आहे. शाळा आणि पोलीस यांच्यातल्या कराराचा नमुना तिथे राज्यभर एकच असतो आणि त्यावर दरवर्षी सह्या होतात. बोर्ड ऑफ एज्युकेशनच्या बैठकीत पालकांनी ती प्रत मागावी आणि मुलाची चौकशी होताना पालकांना कधी कळवणार, एवढे कलम आधी वाचावे.