पॉवर फॅक्टरचे पॅनल: कपॅसिटरची निवड आणि रिलेचे सेटिंग

मोटार, ट्रान्सफॉर्मर, वेल्डिंग मशीन अशी उपकरणे विजेच्या लाइनमधून दोन प्रकारची शक्ती घेतात. एक प्रत्यक्ष काम करते. ती किलोवॅटमध्ये मोजतात. दुसरी चुंबकीय क्षेत्र उभे करण्यापुरती लागते आणि दर आवर्तनात लाइनकडे परत जाते. तिने काम होत नाही, पण तिच्यासाठी केबलमधून जादा प्रवाह वाहतोच. ही रिअ‍ॅक्टिव्ह शक्ती, मोजमाप केव्हीएआरमध्ये. दोन्हींची काटकोनी बेरीज म्हणजे केव्हीए, आणि किलोवॅटला केव्हीएने भागले की पॉवर फॅक्टर मिळतो. कपॅसिटर ही रिअ‍ॅक्टिव्ह शक्ती कारखान्यातच पुरवतो, त्यामुळे ती दुरून आणावी लागत नाही.

महाराष्ट्रात महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांना एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे केव्हीए-तासांवर, वीज आकारणी होते. त्यामुळे पॉवर फॅक्टर घसरला की बिल थेट वाढते. कपॅसिटर गरजेपेक्षा जास्त झाले आणि पॉवर फॅक्टर लीडिंग झाला, तरीही तोटाच. लोड दिवसभर सारखा नसतो; जेवणाच्या सुट्टीत मशीन थांबतात, तेव्हा कायम जोडलेले कपॅसिटर नको तितके ठरतात. म्हणून कपॅसिटर गटागटाने लावणारा आणि काढणारा स्वयंचलित रिले असलेले एपीएफसी पॅनल वापरतात.

पहिले काम हिशेबाचे. समजा, एका कारखान्याचा लोड २०० किलोवॅट आहे आणि पॉवर फॅक्टर ०.८०. म्हणजे केव्हीए २५० आणि रिअ‍ॅक्टिव्ह शक्ती १५० केव्हीएआर. पॉवर फॅक्टर ०.९८ वर न्यायचा तर रिअ‍ॅक्टिव्ह शक्ती सुमारे ४१ केव्हीएआरवर आणावी लागेल. म्हणजे साधारण ११० केव्हीएआरचे कपॅसिटर लागतील. थोडा वाव ठेवून १२० घेणे योग्य. यामुळे ४१५ व्होल्टवरचा प्रवाह सुमारे ३४८ अँपिअरवरून २८४ वर येतो. तापण्यातून होणारा व्यय प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने मुख्य केबलमधला तो व्यय तिसऱ्या हिश्श्याने घटतो.

कपॅसिटरचे केव्हीएआर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतात, हे खरेदीच्या वेळी ध्यानात ठेवावे लागते. ४४० व्होल्टचा २५ केव्हीएआरचा कपॅसिटर ४१५ व्होल्टवर २२ च्या आसपासच देतो.

हे १२० केव्हीएआर १०, १०, २०, ४० आणि ४० अशा पाच स्टेपमध्ये विभागले, तर शून्यापासून १२० पर्यंत दहाच्या पटीतला कोणताही आकडा जुळवता येतो. सगळ्यात लहान स्टेप किती, यावर नियंत्रणाची बारकाई ठरते. प्रत्येक स्टेपला कपॅसिटरसाठीच बनवलेला कॉन्टॅक्टर हवा, कारण जोडणीच्या क्षणी प्रवाहाचा मोठा झटका बसतो.

रिलेला लोडची माहिती सीटीकडून, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मरकडून, मिळते आणि सर्वाधिक चुका इथेच होतात. सीटी अशा जागी हवा की लोड आणि कपॅसिटर, दोघांचाही प्रवाह त्यातून जाईल. म्हणजे मुख्य ब्रेकरजवळ, कपॅसिटर पॅनलचा फाटा फुटण्याच्या आधी. तो फाट्यानंतर लोडच्या बाजूला बसला, तर कपॅसिटर लावूनही रिलेला फरक दिसत नाही आणि तो सगळ्या स्टेप आत घेत राहतो. अनेक रिलेंमध्ये सीटी आर फेजवर आणि व्होल्टेज वाय व बी फेजवरून घेतात. फेज चुकला किंवा सीटीची टोके उलटी लागली, तर दाखवला जाणारा पॉवर फॅक्टर खोटा असतो. चालू लोडवर सीटीची तार कधीही उघडी ठेवू नये, टोकांवर घातक व्होल्टेज येते. काम करण्याआधी ती टोके शॉर्ट करावीत.

यानंतर सेटिंग. सीटीचे गुणोत्तर, स्टेपचे आकडे आणि लक्ष्य पॉवर फॅक्टर भरावा लागतो. लक्ष्य अगदी १ ठेवले, तर लोड कमी होताच लीडिंगकडे जाण्याचा धोका असतो, ०.९८ किंवा ०.९९ व्यवहार्य. पुढचे सेटिंग सी बाय के, म्हणजे किती रिअ‍ॅक्टिव्ह प्रवाह झाल्यावर रिलेने हालचाल करायची ती मर्यादा. १० केव्हीएआरच्या स्टेपचा प्रवाह ४१५ व्होल्टवर १३.९ अँपिअर. ४००/५ च्या सीटीचे गुणोत्तर ८०, म्हणून रिलेकडे ०.१७४ अँपिअर पोहोचतो. त्याचा साधारण दोन तृतीयांश, म्हणजे सुमारे ०.१२, हे योग्य मूल्य. ते स्टेपच्या निम्म्याहून कमी ठेवले, तर लावलेली स्टेप लगेच जास्त ठरते, रिले ती काढतो, पुन्हा लावतो आणि कॉन्टॅक्टर झिजतात. अनेक आधुनिक रिले हे मूल्य स्वतः काढतात, पण सीटीची जागा चुकली असेल तर तेही फसतात.

काढलेल्या कपॅसिटरमध्ये विद्युतभार शिल्लक असतो. तो उतरण्याआधी पुन्हा जोडणी झाली, तर झटका आणखी मोठा बसतो. म्हणून डिस्चार्ज रेझिस्टरला लागणाऱ्या वेळेपेक्षा पुनर्जोडणीचा वेळ जास्त ठेवावा; ६० सेकंद हे नेहमीचे मूल्य.

व्हीएफडी, यूपीएस यांसारख्या उपकरणांमुळे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ वारंवारतेच्या पटीतले प्रवाह, तयार होतात. ५०० केव्हीए आणि ५ टक्के इम्पीडन्सचा ट्रान्सफॉर्मर असेल, तर २०० केव्हीएआरच्या कपॅसिटरशी त्याचा अनुनाद जवळपास सातव्या हार्मोनिकला, म्हणजे ३५० हर्ट्झला होतो आणि कपॅसिटर जळू शकतात. उपाय म्हणजे मालिकेत ७ टक्क्यांचा रिअ‍ॅक्टर. तो अनुनाद १८९ हर्ट्झवर, पाचव्या हार्मोनिकच्या खाली आणतो. मात्र त्याने कपॅसिटरवरचे व्होल्टेज ४१५ वरून सुमारे ४४६ होते; म्हणून तिथे ४८० किंवा ५२५ व्होल्टचे कपॅसिटर घ्यावेत.

शेवटी पडताळणी. पूर्ण लोडवर पहिली १० ची स्टेप हाताने लावल्यावर पॉवर फॅक्टर ०.८० वरून ०.८२ च्या आसपास गेला पाहिजे. तो घसरला तर सीटी किंवा फेजची जोडणी तपासावी. प्रत्येक स्टेपचा प्रवाह टाँग टेस्टरने मोजून नोंदवावा: पुढे तो कमी दिसला तर कपॅसिटर क्षीण झाला आहे, वाढला तर हार्मोनिक्सची शंका घ्यावी. छतावर सौर पॅनल बसवल्यास लाइनमधून येणारे किलोवॅट घटतात, केव्हीएआर मात्र तेवढेच राहतात आणि मीटरवरचा पॉवर फॅक्टर खाली येतो. अशा वेळी वीज उलट दिशेने जातानाही बरोबर मोजणारा रिले आणि स्टेपचा नवा हिशेब, दोन्ही आवश्यक ठरतात.