वाफसा मोजणारी तार



झडीचा पाऊस उघडतो, कडक ऊन पडतं आणि दुपारपर्यंत कपाशी माना टाकते. रानात पाणी भरपूर, मग झाड सुकलं कसं? परतूर, घनसावंगीकडच्या भारी काळ्या रानांचं हे जुनं दुखणं. ही माती भिजली की फुगते, भेगा मिटतात, हवेची जागा पाणी घेतं. मुळं गुदमरली की पाण्यात उभं राहूनही झाडाला पाणी ओढता येत नाही.

मातीतली हवा डोळ्यांना दिसत नाही, पण तिचा अंदाज मोजून घेता येतो. शास्त्रज्ञ प्लॅटिनमची बारीक तार मुळांच्या खोलीवर रोवतात, शेजारी दुसरं संदर्भ-अग्र ठेवतात आणि दोहोंमधला विद्युतदाब मिलिव्होल्टमध्ये वाचतात. याला रेडॉक्स विभव म्हणतात. प्लॅटिनमच का? लोखंड, तांबं स्वतःच गंजतं. मग मीटर मातीचं सोडून तारेचंच गाऱ्हाणं सांगतं.

संदर्भ-अग्राची दुरुस्ती धरून आकडा ४०० च्या वर असला तर हवा खेळती आहे. ३५० च्या खाली प्राणवायू संपत आला. २५० च्या आसपास जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरू लागतात, आणि तुम्ही पैसे मोजून घातलेलं नत्र वायू होऊन उडतं! १०० च्या सुमारास लोह विरघळतं. आपल्या चुनखडीच्या रानाचा सामू ८ च्या घरात असतो, तिथे हे आकडे थोडे खाली सरकतात. एका तारेवर भागत नाही, कारण वीतभर अंतरावर आकडा बदलतो. भेगाळलेल्या कोरड्या रानात तर तारेला माती नीट भिडतच नाही. ते माप खरं धरू नये.

तुम्हाला प्लॅटिनम आणायला नको. जस्ताचा मुलामा नसलेली साधी लोखंडी सळई पॉलिश पेपरने लख्ख घासा, पावसाळ्यात दोन फूट खोल रोवा, महिन्याने उपसा. तांबूस गंज जिथवर, तिथवर हवा पोचली. त्याखाली सळई काळसर निघाली तर तिथे कोंडमारा आहे. माप ढोबळ, पण चर कुठं हवा ते कळतं. मोसंबीच्या बागेत सखल बाजूला एक सळई ठेवाच.

आणि साचल्या पाण्यात युरिया फेकू नका. आधी उताराला चर काढून पाणी बाहेर काढा. वाफसा आला की कोळपणी करा, मगच खत द्या आणि ते मातीआड करा.