मालिकांमधील मानसोपचाराचे सत्र : पडदा आणि दवाखाना

विद्यार्थ्याला समुपदेशकाकडे जाण्यास सुचविले की तो काय विचारतो, हे सामुदायिक महाविद्यालयात शिकविणाऱ्यांना अनुभवाने ठाऊक असते. तिथे कोचावर झोपवतील का? संमोहन करून सगळे बोलायला लावतील का? एकदा गेले की पुरे ना? यांतला एकही प्रश्न त्याने मानसशास्त्राच्या पुस्तकातून उचललेला नसतो. तो मालिका आणि चित्रपट पाहून आलेला असतो. म्हणूनच पडद्यावरचे मानसोपचाराचे सत्र, म्हणजे ज्याला विद्यार्थी सरळ 'सेशन' म्हणतात ते, वास्तवाच्या कितपत जवळ आहे हा प्रश्न शिक्षकांच्या दृष्टीने निव्वळ रसग्रहणाचा राहत नाही. चुकीची अपेक्षा घेऊन गेलेला विद्यार्थी पहिल्याच भेटीत निराश होतो आणि पुन्हा त्या दाराशी जात नाही.

भोपाळमध्ये या प्रश्नाला आणखी एक संदर्भ आहे. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. त्या रात्रीवर 'द रेल्वे मेन' ही चार भागांची मालिका नोव्हेंबर २०२३ मध्ये आली. भोपाळ स्थानकावरचे उपअधीक्षक गुलाम दस्तगीर यांनी फलाटावरची गाडी वेळेआधी सोडून प्रवाशांना वाचविले होते. त्यांच्या कामगिरीची छाया मालिकेतील प्रमुख पात्रावर स्पष्ट दिसते. मालिका चांगली आहे, परंतु तिचा विषय ती रात्र आहे. त्यानंतर लोकांची झोप उडाली, मुले दचकून उठू लागली, बाया घराबाहेर पडेनात, हे सारे पडद्यावर यायचे राहून गेले. त्या दुखण्याकडे डॉक्टरांनी कसे पाहिले याची नोंद मात्र उपलब्ध आहे, आणि मालिकांमधील सत्रांशी ती ताडून पाहण्याजोगी आहे. तिच्याकडे पुढे येऊ.

प्रथम पडद्याकडे पाहू. आपल्याकडे या विषयाची सर्वाधिक चर्चा झाली ती गौरी शिंदे यांच्या 'डिअर जिंदगी' (२०१६) या चित्रपटाने. तो मालिका नव्हे. पण दूरचित्रवाणीवरून घरोघरी पोहोचला असल्याने येथे त्याचा विचार करणे वावगे ठरू नये. नायिका कायरा हिला झोप येत नाही, नाती टिकत नाहीत. गोव्यात तिला डॉ. जहांगीर खान भेटतात. काही भेटी त्यांच्या घरातल्या खोलीत होतात, काही समुद्रकिनारी, एखादी सायकलवरून. लहानपणी आईवडिलांनी आजीआजोबांकडे ठेवल्याची जखम शेवटी उघडी पडते, कायरा मनसोक्त रडते आणि तिचे आयुष्य मार्गी लागते.

हे सत्र कोठे खरे आहे आणि कोठे नाही? डॉक्टर ऐकतात, हसत नाहीत, निवाडा देत नाहीत, हे खरे आहे. शेवटी रुग्ण त्यांच्याकडे ओढली जाते तेव्हा ते सौम्यपणे पण ठाम नकार देतात आणि ठरल्याप्रमाणे भेटी संपवितात, हेही खरे आहे. किंबहुना हिंदी पडद्यावर ही मर्यादा इतकी स्वच्छ क्वचितच दाखविली गेली असेल. १९६९ च्या 'खामोशी'त वैद्यकीय प्रयोग म्हणून परिचारिकेला रुग्णावर प्रेम करण्याचे नाटक करावे लागते आणि अखेर तिचेच मन ढासळते. नाट्य म्हणून ते प्रभावी असेल, पण उपचार म्हणून आज कोणत्याही संस्थेत तो गंभीर गैरवर्तनाचा प्रकार ठरेल.

खोटे आहे ते कालमान. पडद्यावर एक आठवण सापडली की कुलूप उघडते. प्रत्यक्षात आठवण सापडणे ही पुष्कळदा कामाची सुरुवात असते, आणि अनेकदा अशी एखादी आठवण नसतेच. नैराश्य किंवा चिंता यांवर आज सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या बोधात्मक वर्तन उपचारपद्धतीत आठवड्याला एक, साधारण ४५ ते ६० मिनिटांची, अशी सामान्यतः १२ ते २० सत्रे होतात. अ‍ॅरन बेक यांनी १९६० च्या दशकात मांडलेल्या या पद्धतीत रुग्णाला घरी करण्याचा अभ्यास असतो: अमुक प्रसंगी मनात कोणता विचार आला, त्याने काय वाटले, तो विचार कितपत टिकतो, हे वहीत लिहायचे. पुढच्या भेटीत ती वही उघडून बसायचे. हे दृश्य पाहायला कंटाळवाणे आहे, आणि बहुधा म्हणूनच ते पडद्यावर येत नाही.

(जाता जाता : ही कल्पना अगदीच नवी नाही. नवव्या-दहाव्या शतकातील विद्वान अबू झैद अल-बल्खी यांनी 'मसालिह अल-अब्दान वल-अन्फुस' या ग्रंथात शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्याचा एकत्र विचार केला आहे. जसे औषध घरात आधीच ठेवावे तसे शांत वेळी चांगले विचार गोळा करून ठेवावेत, म्हणजे अस्वस्थतेच्या वेळी ते हाताशी येतात, असे त्यांचे सांगणे. आजचे काही संशोधक त्यात या उपचारपद्धतीची पूर्वखूण पाहतात.)

कोचाचे म्हणाल तर तो फ्रॉइडच्या मनोविश्लेषणातून आला. आजची बहुतेक सत्रे समोरासमोर खुर्च्यांवर बसून होतात. संमोहनाचे स्थानही फार मर्यादित आहे.

परदेशी मालिकांपैकी दोन या बाबतीत वेगळ्या ठरतात. इस्रायलमधील 'बेतिपुल' (२००५) या मालिकेवरून अमेरिकेत 'इन ट्रीटमेंट' (२००८) तयार झाली. तिचा जवळजवळ प्रत्येक भाग म्हणजे एक सत्र. सोमवारचा रुग्ण सोमवारी, मंगळवारचा मंगळवारी, आणि आठवड्याच्या अखेरीस उपचार करणारे डॉ. पॉल स्वतःच एका ज्येष्ठ सहकारी बाईंकडे जाऊन बसतात. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची. दुसऱ्याचे ऐकणाऱ्यालाही कोणाच्या तरी देखरेखीची गरज असते, हे व्यवसायातले रोजचे सत्य आपल्या मालिकांत जवळपास दिसत नाही. मात्र याही मालिकेत रुग्ण प्रत्येक वेळी इतके मार्मिक बोलतात की कोणत्याही मानसशास्त्रज्ञाला हेवा वाटावा. खऱ्या सत्रात माणसे अडखळतात, तेच तेच सांगतात, बसच्या भाड्याविषयी बोलतात.

दुसरी मालिका 'द सोप्रानोज' (१९९९ ते २००७). गुन्हेगारी टोळीचा म्होरक्या आणि त्याच्या डॉक्टर मेल्फी यांच्या भेटी तिच्या सुरुवातीपासून अखेरपर्यंत चालू राहतात. सात-आठ वर्षे बोलूनही तो गृहस्थ फारसा सुधारत नाही. उपचाराला अपयश येऊ शकते हे सांगण्याचे धाडस तिने केले. तिच्यात एक प्रसंग असा आहे की मेजवानीत डॉ. मेल्फी यांचेच मार्गदर्शक चारचौघांत त्यांच्या रुग्णाची ओळख फोडतात, आणि त्या शरमेने व संतापाने गप्प होतात. शिक्षकांनी हा प्रसंग जरूर पाहावा. विद्यार्थ्याने विश्वासाने सांगितलेली घरची गोष्ट मधल्या सुट्टीत चहाबरोबर शिक्षककक्षात निघते, तेव्हा आपण त्याच मेजवानीला बसलेले असतो. आपल्या परंपरेत अशा गोष्टीला अमानत म्हणतात. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ (अंमल २९ मे २०१८ पासून) यानेही रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. मात्र हा हक्क निरपवाद नाही. रुग्णाकडून स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्याचा धोका असेल तर संबंधितांना सांगावे लागते. अल्पवयीन मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ती कळविणे बंधनकारक आहे. खरा समुपदेशक या मर्यादा पहिल्याच भेटीत सांगतो. मालिकेतला समुपदेशक "इथले काही बाहेर जाणार नाही" असे म्हणून मोकळा होतो.

आपल्याकडील अलीकडच्या मालिकांत 'द फॅमिली मॅन'च्या दुसऱ्या पर्वात (२०२१) विवाह समुपदेशक विनोदाचा विषय होतो. याउलट 'कोटा फॅक्टरी'चे तिसरे पर्व (२०२४) शिक्षकांसाठी विशेष आहे. विद्यार्थिनीच्या मृत्यूने खचलेले शिकवणीवर्गाचे जीतू भैया स्वतः उपचारासाठी जातात. ते टाळाटाळ करतात, विषय बदलतात, आपल्याला काही झालेले नाही असे भासवितात. सर न राहता विद्यार्थ्यांचा भैया का व्हावे लागले, या प्रश्नापाशी त्यांना थांबावे लागते. येथे एका फटक्यात उलगडा होत नाही. मला वाटते, शिक्षकाचे थकणे इतक्या प्रामाणिकपणे आपल्या पडद्यावर फारसे आलेले नाही.

एक आक्षेप मात्र तपासून घ्यावा लागेल. जहांगीर खान फार उपदेश करतात, खुर्च्यांचे दाखले देतात, खरा तज्ज्ञ असे करीत नाही, अशी टीका होते. पाश्चात्त्य पद्धतीच्या चौकटीत ती बरोबर आहे. परंतु मनोविकारतज्ज्ञ जसवंतसिंग नेकी यांनी १९७३ मध्येच गुरुशिष्य नात्याचा उपचाराच्या दृष्टीने विचार मांडला होता : भारतीय रुग्ण मार्गदर्शनाची अपेक्षा घेऊन येतो, आणि ती अपेक्षा नाकारून चालत नाही. तसेच दोनच माणसांची बंद खोली हीदेखील आपल्याकडची सार्वत्रिक वस्तुस्थिती नाही. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या नातेवाइकांना सोबत राहू दिले आणि उपचारात सामील करून घेतले. आजही सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात रुग्णासोबत आई, भाऊ, कधी शेजारीसुद्धा असतो, बाहेर रांग असते आणि डॉक्टरांच्या हाती थोडी मिनिटे असतात. मालिकांनी गाळलेले हे दृश्यच आपल्या बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या वाट्याला येते.

आता भोपाळच्या नोंदीकडे वळू. दुर्घटना घडली तेव्हा मध्य प्रदेशातील वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकारशास्त्राचे अध्यापक नव्हते. सुमारे दोन महिन्यांनी, फेब्रुवारी १९८५ पासून, मानसिक परिणामांची पाहणी सुरू झाली. गॅसपीडितांच्या १० सामान्य दवाखान्यांत आलेल्या ८५५ रुग्णांना प्रश्नावली देण्यात आली आणि ज्यांच्याबाबत शंका आली त्यांची तपासणी करण्यात आली. १९३ जणांना, म्हणजे २२.६ टक्क्यांना, मानसिक विकार असल्याचे आढळले. त्यांत पाचांपैकी चार स्त्रिया होत्या. नैराश्य आणि चिंता हे प्रमुख विकार. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की ही माणसे मनाची तक्रार घेऊन आली नव्हती. ती धाप, डोळ्यांची आग, अशक्तपणा यांसाठी आली होती. भरपाईसाठी सोंग करतात, असा संशयही त्यांतल्या कित्येकांनी सोसला.

तज्ज्ञ नव्हते, तेव्हा काय केले? बंगळूरच्या निम्हान्समधील डॉ. आर. श्रीनिवास मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या दवाखान्यांतील सुमारे ५० वैद्यकीय अधिकाऱ्यांना सहा दिवसांचे प्रशिक्षण दिले. पुढे १९८७ मध्ये त्यांच्यासाठीची पुस्तिकाही निघाली. शरीराची तक्रार खोटी न मानता ती ऐकावी, मग झोप, भूक, भीती, घरात कोण गेले याविषयी विचारावे, गरज तेथे औषध द्यावे, कुटुंबाला समजवावे आणि पुन्हा बोलवावे, अशा स्वरूपाचे हे काम. कोच नाही, समुद्रकिनारा नाही, रडून मोकळे होण्याचा एकच क्षण नाही. गर्दीच्या दवाखान्यात, टेबलाच्या कोपऱ्यावर, पुन्हा पुन्हा झालेले हे बोलणे. मालिकेने ते दाखवायचे ठरविले तर पटकथाकाराची पंचाईत होईल.

शिक्षक हा उपचारक नव्हे, आणि त्याने तसे होण्याचा प्रयत्नही करू नये. पण सामान्य दवाखान्यातल्या त्या वैद्यकीय अधिकाऱ्याप्रमाणे तोही पहिल्या दाराशी उभा असतो. सतत डोके दुखते म्हणून तास बुडविणारी मुलगी त्याच्याकडेच येते. तिला पुढे पाठविताना चार गोष्टी साध्या शब्दांत सांगता येतात : पहिल्या भेटीत बरेचसे प्रश्नच विचारतील; झोपविणार नाहीत; नको त्या प्रश्नाला उत्तर देण्याची सक्ती नाही; आणि तीन-चार भेटींखेरीज उपयोग होतो की नाही याचा निर्णय करू नये. कोणाकडे पाठवितो हेही पाहावे. मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो आणि औषध देऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. 'समुपदेशक' ही पाटी मात्र पुरेशा शिक्षणाविनाही लागलेली आढळते. आठवड्याचा एक तास आणि भाड्याचे पैसे ज्यांना परवडत नाहीत, त्यांच्यासाठी केंद्र सरकारची टेलि-मानस ही निःशुल्क दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

वर्गात करून पाहण्याजोगा एक उपक्रम असा. कोणत्याही मालिकेतील सत्राची पाच मिनिटे दाखवावीत आणि विद्यार्थ्यांना विचारावे : यात फी किती ठरली? पुढची भेट कधी? संमती कोणी घेतली? ही व्यक्ती कोणत्या शिक्षणाची? घरच्यांना काय सांगायचे ते ठरले का? बहुतेक प्रश्नांना उत्तर मिळत नाही. मग मुले स्वतःहून विचारू लागतात की खरोखर गेल्यास काय होते, आणि तास तेथून पुढे चालतो.