भंडारदऱ्याचे पाहुणे आणि भाताचा वाफा

घोटीहून अकोल्याकडे जाणारा रस्ता बारी गावाजवळ पोहोचला की कळसूबाईचे शिखर अगदी अंगावर आल्यासारखे दिसते. तेथून थोड्याच अंतरावर शेंडी गाव लागते व त्यापलीकडे डोंगरांच्या कुशीत पसरलेला भंडारदऱ्याचा जलाशय दृष्टीस पडतो. प्रवरा नदीवरील हे दगडी धरण १९२६ साली पूर्ण झाले. त्याची उंची सुमारे २७० फूट असून त्यात सुमारे ११ अब्ज घनफूट पाणी साठते. या पाण्यावर संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर या भागांत ऊस उभा राहिला. धरणाच्या वरच्या अंगाला मात्र आजही भात, नाचणी, वरई आणि खुरासणी हीच पिके आहेत, आणि उन्हाळ्यात उंचावरील वाड्यांतील स्त्रियांना खाली चमकणारे पाणी पाहतच हंड्यासाठी पायपीट करावी लागते.

अशा या भागात अलीकडे आणखी एक पीक येऊ लागले आहे. ते म्हणजे पाहुण्यांचे. शनिवार-रविवारी पुणे, मुंबई व नाशिक येथून मोटारींची रीघ लागते. हे पीक नीट जोपासले तर डोंगरातील अल्पभूधारकास चार पैसे मिळवून देईल, आणि बेफाम वाढू दिले तर तणाप्रमाणे मूळ पिकालाच खाऊन टाकील. पाहुण्यांचे वेळापत्रक शेतीच्या पंचांगाशी कसे जुळवावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पाहण्याजोगी स्थळे

बारी गावातून कळसूबाईची वाट निघते. १६४६ मीटर उंचीचे हे शिखर महाराष्ट्रातील सर्वोच्च होय. कठीण टप्प्यांवर लोखंडी शिड्या बसविलेल्या असल्यामुळे सराव नसलेला मनुष्यही सकाळी लवकर निघाल्यास माथ्यावरील देवीच्या मंदिरापर्यंत पोहोचू शकतो.

जलाशयाच्या दुसऱ्या टोकास रतनवाडी आहे. तेथील अमृतेश्वराचे प्राचीन शिवमंदिर व त्याजवळील कोनाड्यांनी सजलेली पुष्करणी ही दगडी शिल्पकामाची उत्तम उदाहरणे आहेत. मंदिरामागच्या रानातून रतनगडाची वाट चढते. गडाच्या माथ्यावर वाऱ्याने व पाण्याने कोरलेले आरपार भोक आहे. त्यास ‘नेढे’ म्हणतात. त्यात बसून जलाशय, अलंग, मदन व कुलंग हे दुर्ग आणि कळसूबाईची रांग असा सारा मुलूख एका नजरेत येतो.

साम्रद गावाजवळील सांदण दरी ही जमिनीला पडलेली खोल व अरुंद भेग आहे. हिवाळ्यात व उन्हाळ्याच्या आरंभी माहितगार वाटाड्यासह तेथे उतरता येते. पावसाळ्यात मात्र क्षणार्धात पाण्याचा लोंढा येतो. त्या दिवसांत दरीत पाऊल ठेवू नये. घाटघरच्या कड्यावरून थेट कोकण दिसते. शेंडीजवळील रंधा धबधबा श्रावणात रौद्र रूप धारण करतो. तेथील खडक निसरडा असल्याने तो कठड्याबाहेर न जाता, दुरूनच पाहणे शहाणपणाचे होय.

हा बराचसा प्रदेश १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. त्यामुळे येथे वनविभागाचे नियम पाहुण्यांप्रमाणेच यजमानांनाही बंधनकारक आहेत.

जूनमधील एक सकाळ

काही वर्षांपूर्वी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात भाताच्या रोपवाटिका पाहण्यासाठी मी जलाशयाकाठच्या एका वाडीत गेलो होतो. काजव्यांचे दिवस होते. आदल्या रात्री गर्दी एवढी झाली होती की रस्त्यावर गाड्या मावेनात, म्हणून काहींनी त्या शेतात उतरविल्या. एका वृद्ध शेतकऱ्याच्या चार गुंठ्यांच्या वाफ्यांवरून चाकांचे दोन खोल पट्टे गेले होते. बोटभर उंचीची हिरवी रोपे चिखलात गाडली गेली होती आणि उरलेल्या वाफ्यांत पावलांचे ठसे व रिकाम्या बाटल्या पडल्या होत्या.

चार गुंठ्यांची रोपवाटिका म्हणजे एक एकर आवणीची रोपे. त्यात बी होते जिरवेलचे, त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या राखलेले, आणि म्हाताऱ्याने ते सारेच्या सारे पेरून टाकले होते. संकरित अथवा सुधारित वाणाचे बी तालुक्याच्या दुकानी मिळाले असते. हे कोठे मिळणार? तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, “साहेब, पाहुणा दारात आला तर भाकरी देऊ. वाफ्यात आला तर काय द्यावं?”

या प्रश्नाचे उत्तर मजजवळ त्या दिवशी नव्हते. शेजारच्या वाडीतील एका बाईंनी आपल्या कणगीतून चार पायल्या जिरवेल सवाईने परत करण्याच्या बोलीवर दिले व दुसऱ्यांदा पेरणी झाली. पण आवणी दोन आठवडे लांबली. पाऊस सप्टेंबरअखेर ओसरला आणि उशिराच्या भाताला नेमक्या दाणा भरण्याच्या वेळी ओल कमी पडली.

काजव्याचे जीवन

ज्यासाठी ही गर्दी लोटते त्या काजव्याविषयी थोडे जाणून घेतले पाहिजे. मे महिन्याच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत, वळवाचा पाऊस पडून गेल्यावर, हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर ते लक्षावधींच्या संख्येने लुकलुकतात. हा प्रकाश नर-मादीने एकमेकांस ओळखण्याची खूण होय. मोटारीचे दिवे, विजेऱ्या व कॅमेऱ्यांचे झोत यांत ही खूण हरवते व मीलन घडत नाही.

काजव्याचे प्रौढ आयुष्य थोड्या आठवड्यांचे असते. त्याच्या आयुष्याचा मोठा भाग अळीच्या रूपाने, ओल्या मातीत व पालापाचोळ्यात जातो. ही अळी गोगलगाई व शंबुकवर्गीय लहान जीव खाऊन जगते. म्हणजे ती शेतकऱ्याची मित्रच होय. जेथे हजारो पावलांनी माती तुडविली जाते, पाचोळा जाळला जातो आणि झाडे तोडली जातात, तेथे पुढील वर्षी काजवे कमी दिसतील यात नवल नाही. वाफा आणि काजवा या दोहोंचा शत्रू एकच आहे: वाट सोडून चालणारे पाऊल.

दोन पंचांगांचा मेळ

पाहुण्यांनी केवळ काजव्यांच्या तीन आठवड्यांत व पावसाळी रविवारी यावे, हे ना त्यांच्या हिताचे, ना गावाच्या. सप्टेंबरच्या उत्तरार्धात डोंगरउतार सोनकीने व वरकस जमिनी खुरासणीच्या फुलांनी पिवळ्या होतात. भात पोटरीत वा निसव्यात असते आणि शेतकऱ्यास थोडी उसंत असते. हा काळ पाहुणचारास सर्वांत सोयीचा. नोव्हेंबरनंतर सुगी आटोपली की खाचरे रिकामी होतात. तंबू ठोकण्यास जलाशयाची ओली कड वापरण्याऐवजी ही खाचरे भाड्याने द्यावीत. गडकोट चढण्यास व सांदण दरी पाहण्यासही हेच दिवस योग्य. मार्चपासून हिरडा वेचणीची कामे असतात व पाणी कमी होत जाते. त्या काळात प्रत्येक घराने पाण्याचा अंदाज घेऊनच पाहुणे स्वीकारावेत.

शेतकऱ्यांनी व कार्यकर्त्यांनी काय करावे

१. रोपवाटिका शक्यतो रस्त्यापासून दूर, गादीवाफ्यावर करावी व पेरणीच्या दिवशीच तिला काटेरी फांद्यांचे कुंपण घालावे. घरचे वाण पेरताना सर्व बी एकदम पेरू नये. निदान तिसरा हिस्सा कणगीत राखून ठेवावा.

२. मे महिन्यातच ग्रामसभा घेऊन मोटारी उभ्या करण्याची पडीक जागा, पायवाटा व वाटाडे ठरवावेत. जागेचे भाडे जागामालकास व ठरावीक वाटा गावाच्या पाणीयोजनेस द्यावा. काजवे पाहण्यास पाहुण्यांनी गावच्या वाटाड्यासह, पायी व दिवे मालवून जावे. वनविभागाने ठरविलेली वेळ काटेकोरपणे पाळावी.

३. राबासाठी झाडांच्या फांद्या तोडण्याचे प्रमाण कमी करावे. चारसूत्री पद्धतीत रोपवाटिकेस भाताच्या तुसाची राख व खाचरास गिरिपुष्पाचा हिरवा पाला दिला जातो. १५ व २५ सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतरावर नियंत्रित आवणी करून चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची एकेक गोळी खोचली जाते. बांधावर गिरिपुष्प लावल्यास रानातील झाड वाचते, आणि झाड वाचले तर काजवाही वाचतो.

४. मुक्कामाच्या जागी रात्रभर प्रखर दिवे ठेवू नयेत. खोडकिड्याचे पतंग उजेडाकडे ओढले जातात, हे प्रकाशसापळा वापरणाऱ्या शेतकऱ्यास सांगावयास नको.

५. पाहुण्यास शहरातले जेवण करून घालण्याचा खटाटोप करू नये. नाचणीची भाकरी, उडदाचे घुटे, खुरासणीची चटणी, कुरडू किंवा भारंगीची भाजी आणि घरचा सुवासिक भात, हेच त्याला हवे असते. निघताना तो दोन किलो तांदूळ विकत नेतो; तेच त्या वाणाचे खरे संरक्षण. याच तालुक्यातील कोंभाळणे येथील श्रीमती राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे जतन करून २०२० साली पद्मश्री मिळविली, हे उदाहरण आपल्यासमोर आहेच.

६. राज्य शासनाच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते. भोजन पुरविणाऱ्यांनी अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणीही करून घ्यावी. अर्ज भरण्याच्या कामी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढाकार घेणे अगत्याचे आहे; डोंगरातील शेतकरी कागदापाशी अडतो आणि बाहेरचा मनुष्य तेवढ्यात जागा भाड्याने घेऊन मोकळा होतो.

उपसंहार

गेल्या हंगामात मी पुन्हा त्या वाडीत गेलो. म्हाताऱ्याने वाफे घरामागील उंचवट्यावर नेले होते व त्यांस करवंदीच्या काट्यांचे कुंपण घातले होते. रस्त्याकडेच्या पडीक तुकड्यावर गाड्या ओळीने उभ्या होत्या. त्यांचे भाडे त्याचा नातू वहीत टिपून घेत होता. उसने घेतलेले बी सवाईने परत गेले होते आणि कणगीत पुढील सालासाठी राखीव बीही होते. रात्री नातवाने दहा-बारा पाहुण्यांना दिवे मालवून वाफ्यांच्या कडेकडेने रानात नेले. ते परतल्यावर वाफ्यांपाशी जाऊन मी पाहिले. एकाही पावलाचा ठसा आत उमटलेला नव्हता.

पाहुणा हा आपल्याकडे देवासमान मानला जातो. परंतु देवालाही गाभारा नेमून दिलेला असतो. पाहुण्यांची जागा आणि पिकाची जागा गावाने आधीच नेमून ठेवली, तर भंडारदऱ्याच्या काठी दोन्ही सुखाने नांदतील.