काठ कोणाचा?

इथिओपियाचा पोशाख म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो हबेशा केमिस, म्हणजे बायकांचा पायघोळ पांढरा सुती झगा, आणि त्यावर नेतेला हे तलम दुपदरी उपरणं. हा वेश उत्तरेतल्या अम्हारा आणि तिग्राई लोकांचा मानला जातो. राजधानी आदिस अबाबात मात्र तो विणणारे बरेचसे हात दक्षिणेकडचे, गामो डोंगरातल्या चेन्चा भागातून आलेल्या डोर्झे विणकरांचे आहेत. म्हणून या वेशाच्या मालकीचा विचार मागापासून सुरू व्हावा, असं मला ठामपणे वाटतं. सूत बायका चातीवर काततात, विणतात पुरुष. विणकर खड्ड्याच्या कडेला बसतो, पाय खाली पावड्यांवर. पांढरं अंग भराभर पुढे सरकतं. तिबेब, म्हणजे नक्षीचा काठ आला की गती पार मंदावते. मोजके उभे धागे बोटांनी उचलायचे, त्यांच्याखालून रंगीत धागा सरकवायचा, मग पांढऱ्या सुताचा धोटा एकदा फेकायचा, फणी ठोकायची, आणि पुन्हा बोटं. वस्त्राची किंमत ठरते ती मुख्यतः याच काठावर. तो नुसता शोभेचाही नाही: घरी दुखवटा असला की नेतेला उलटा घेऊन काठ वर, चेहऱ्याजवळ आणतात.

चकचकीत जरीचे आणि भडक रंगांचे आजचे काठ परंपरेत बसत नाहीत, असा आक्षेप असतो. तो मला पटत नाही. बाहेरून नवे धागे येत गेले तसे काठाचे रंगही बदलत आले. बोटांनी धागे उचलणं टिकलं. दुसरा आक्षेप जड आहे. परदेशी गिरण्यांतलं छापील काठाचं कापड स्वस्त पडतं, आणि तिमकतच्या सणाला गरीब बाईनेही पांढरं का नेसू नये? जरूर नेसावं. पण ते हातमागाचं म्हणून विकणं ही विणकराच्या श्रमाची चोरी आहे. हातमागही निर्दोष नाही. गामो भागातली लहान मुलं राजधानीत आणून मागावर बसवली गेली आहेत, आणि कारागिरांना इथिओपियातल्या समाजाने पूर्वापार हलकंच लेखलं. ऐंशीहून अधिक जनसमूहांच्या या देशात हामार बायका कातड्याचा वेश करतात, तेव्हा पांढऱ्या झग्याला सरसकट राष्ट्रीय पोशाख म्हणणंही अन्यायाचंच. तरीही सणासुदीला या काठाचं कौतुक होतं तेव्हा डोर्झे विणकराचं नाव घेतलं जावं, आणि काठाच्या किमतीतला मोठा वाटा व्यापाऱ्याआधी त्याच्या हाती पडावा.